जुन्या गाभ्याला नवं ठिगळ

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. विषय जरा आडवळणाचा आहे. "आता हे काय नवीन काढलंत?" असं म्हणत घरचे निम्मे वाचक पहिल्याच परिच्छेदात पळ काढतील याची कल्पना आहे मला. त्यांना एवढंच सांगतो, यात संगणक आहे खरा, पण त्यापेक्षा माणसं जास्त आहेत. आणि मी पडलो इतिहासाचा मास्तर, त्यामुळे गोष्ट सनावळीसकट येणार. कंटाळा आला तर मधला भाग सोडून द्या. (वर्गात तरी काय वेगळं होत होतं!)

आधी दोन शब्दांची ओळख करून घेऊ. "कर्नल" म्हणजे लष्करातले कर्नलसाहेब नव्हेत. बदाम फोडल्यावर आत जो गर मिळतो, त्याला इंग्रजीत जे म्हणतात ते हे. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्कवर कोणी कधी लिहायचं, एकाच वेळी दहा कामं आली तर आधी कोणतं घ्यायचं, हा सगळा कारभार त्याच्याकडे. दुसरा शब्द "ड्रायव्हर". हाही गाडीवरचा नव्हे. कारभारी कितीही हुशार असला तरी त्याला प्रत्येक यंत्राची भाषा येत नाही. प्रिंटरची निराळी, कॅमेऱ्याची निराळी, वाय-फायची तर कंपनीगणिक निराळी. तिथे दुभाषा लागतो. हेन्री ऑक्झिंडेन १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकाला आला तेव्हा इंग्रजांकडून बोलायला नारायण शेणवी होता ना, तसा. ड्रायव्हर म्हणजे तो शेणवी. तो एक शब्द जरी चुकीचा बोलला तरी गोंधळ ठरलेला.

आता या दुभाष्याच्या बोलण्यात चूक सापडली आणि ती कोणीतरी दुरुस्त केली. छान झालं. पण दुरुस्ती होते ती नव्या आवृत्तीत. जगातले निम्मे संगणक चालत असतात जुन्या आवृत्तीवर. त्यांचं काय? ती नवी दुरुस्ती उचलून मागे नेऊन जुन्या कर्नलमध्ये बसवायची, याला म्हणतात "बॅकपोर्ट". मराठी प्रतिशब्द मी शोधला नाही, कारण "ठिगळ" हा शब्द आपल्याकडे आहेच, आणि दुरुस्तीला ते लोकही "पॅच" म्हणजे ठिगळच म्हणतात.

हे सगळं मला कळलं ते आमच्या भाच्यामुळे. (नाव लिहीत नाही, वाचणारे ओळखतीलच.) घरचा जुना संगणक लिनक्सवर चालतो, त्याला वाय-फायचा एक डोंगल आणला. खोका तोच, मॉडेल तेच, जे त्याच्या स्वतःच्या संगणकावर सुरळीत चाललं होतं. पण इथे ढिम्म. कंपनीने आतला माल बदलून ओळखक्रमांक नवा दिला होता, खोक्यावर मात्र काही लिहिलं नव्हतं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. भाचा म्हणाला, "मामा, ड्रायव्हर तोच चालेल. फक्त हा नंबर त्याच्या यादीत नाही. पुढच्या कर्नलमध्ये एका ओळीची दुरुस्ती झाली आहे, तुमचा कर्नल मागचा आहे." म्हणजे मुलगा वर्गात येऊन बसलाय, अभ्यास करायला तयार आहे, पण हजेरीपटात नाव नाही म्हणून मास्तर त्याला प्रश्नच विचारत नाहीत! मग त्याने ती ओळ जुन्या कर्नलमध्येही घ्यावी अशी विनंती लिहिली, मला वाचून दाखवली, आणि पाठवली. काही आठवड्यांनी नेहमीच्या अद्ययावतीकरणात ती ओळ आली. डोंगल चालू झाला.

मला डोंगलपेक्षा त्या विनंतीपत्राचंच कुतूहल वाटलं. एका निवृत्त माणसाच्या जुन्या संगणकासाठी एक ओळ मागे आणा, असं जगात कोणाला तरी लिहिता येतं आणि ते वाचलं जातं, ही व्यवस्था आली कुठून? म्हणून भाच्याला छळून आणि स्वतः वाचून जे हाती लागलं ते पुढे देतो आहे.

लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या कर्नलची बातमी जगाला दिली, आणि मार्च १९९४ मध्ये १.० ही आवृत्ती निघाली. त्या कथा सगळीकडे वाचायला मिळतात, त्या सोडतो. आपल्याला हवं ते पुढचं. सुरुवातीच्या काळात एक साधी पद्धत होती. मधला आकडा सम असेल तर आवृत्ती पक्की, विषम असेल तर प्रयोगाची. म्हणजे २.०, २.२, २.४ ही घरात वापरायची भांडी आणि २.१, २.३, २.५ ही कुंभाराच्या चाकावरची. जून १९९६ ला २.०, जानेवारी १९९९ ला २.२, जानेवारी २००१ ला २.४, आणि डिसेंबर २००३ ला २.६. मधली अंतरं बघा. दोन-दोन, तीन-तीन वर्षं. एवढ्या काळात बाजारात किती नवी यंत्रं येत असतील! त्यांचे ड्रायव्हर तयार होणार प्रयोगाच्या आवृत्तीत, आणि लोकांच्या घरात असणार पक्की आवृत्ती.

लिनस स्वतः सतत पुढे बघणारा माणूस. मागची आवृत्ती सांभाळायला त्याने दुसरी माणसं नेमली. २.२ अ‍ॅलन कॉक्सकडे गेली. २.४ नोव्हेंबर २००१ मध्ये गेली मार्सेलो तोसाती नावाच्या ब्राझीलच्या मुलाकडे. वय वर्षं अठरा! आमच्याकडे अठराव्या वर्षी मुलाला घराची किल्ली द्यायला आईबाप बिचकतात. आणि २.० होती डेव्हिड वाईनहॉल याच्याकडे. या माणसाबद्दल फारसं कोणी लिहीत नाही, पण मला तोच जास्त आवडला. १९९६ च्या त्या आवृत्तीचा २.०.४० हा अंक त्याने काढला फेब्रुवारी २००४ मध्ये. तोवर २.२ जुनी झाली होती, २.४ मुरली होती, २.६ आली होती. तरी कुठेतरी कोणाच्या तरी कपाटात २.० वर चालणारी यंत्रं होती, आणि त्यांच्यासाठी हा गृहस्थ ठिगळं लावत बसला होता.

आता ठिगळ लावणं इतकं अवघड का असावं, असं कोणी विचारेल. एक ओळ इथून उचलायची, तिथे टाकायची. डोंगलच्या बाबतीत ते खरंच तितकं सोपं होतं. पण नेहमी नसतं. शाळेचं उदाहरण देतो. पाठ्यपुस्तकाची नवी आवृत्ती निघते, तिच्यासाठी शुद्धिपत्र येतं: पान ४७, ओळ ९, अमुक ऐवजी तमुक वाचावे. वर्गातल्या अर्ध्या मुलांकडे मात्र थोरल्या भावाचं नाहीतर शेजारच्या ताईचं जुनं पुस्तक. त्यात पान ४७ वर दुसराच धडा! मग मास्तराने बसून जुन्या पुस्तकात ते वाक्य शोधायचं. कधी ते पान ५२ वर सापडतं. कधी वाक्य आहे पण शब्दरचना निराळी, तर दुरुस्तीही निराळ्या शब्दांत करावी लागते. कधी तो परिच्छेदच जुन्या पुस्तकात नसतो, म्हणजे दुरुस्तीची गरजच नाही. आणि कधी चूक जुन्या पुस्तकात आहे, पण दुरुस्ती समजायला लागणारी माहिती त्यात कुठेच नाही. मी हे पेन घेऊन वर्षानुवर्षं केलं आहे, तेव्हा बॅकपोर्ट करणाऱ्याचं दुखणं मला समजावून सांगावं लागलं नाही.

लिनक्समध्ये हे दुखणं जरा जास्तच आहे. कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातले आतले करार तिथे कायमचे पक्के केलेले नाहीत, आणि ते मुद्दाम. ग्रेग क्रोआ-हार्टमन या त्यांच्यातल्या जाणत्या माणसाने तसं कारणांसह लिहूनच ठेवलं आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्याच घरात राहतात. करार बदलायचा झाला तर जो बदलेल त्याने घरातले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करून द्यायचे. यामुळे घर स्वच्छ राहतं, जुनं सामान साठत नाही. पण आजच्या करारावर बेतलेली दुरुस्ती पाच वर्षांपूर्वीच्या करारात बसत नाही, हा त्याचा भुर्दंड. तो भुर्दंड पुढे पाहणाऱ्याला पडत नाही, मागे राहिलेल्याला पडतो.

२.४ च्या दिवसांत याचा कळस झाला. पक्की आवृत्ती जुनी, नव्या गोष्टी २.५ मध्ये, आणि गिऱ्हाईक दारात उभं. मग लिनक्स विकणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या २.४ ला २.५ मधली ठिगळं लावायला सुरुवात केली. रेड हॅटने २००३ साली आपल्या नवव्या आवृत्तीत धागे हाताळण्याची नवी पद्धतच मागे आणून बसवली. प्रत्येकाची गोधडी निराळी झाली. नाव सगळ्यांचं २.४, पण एकाकडे चालणारी गोष्ट दुसऱ्याकडे चालेलच असं नाही. चूक सापडली तर ती मूळ कापडातली की ठिगळातली, हेच कळेना.

जुलै २००४ मध्ये ओटावाला ही मंडळी जमली आणि त्यांनी ठरवलं की २.७ काढायचीच नाही. विकास २.६ मध्येच करायचा. हळूहळू दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघायला लागली. वाट पाहणं संपलं. पण पक्की आवृत्तीही संपली! ज्याला स्थिर काहीतरी हवं त्याने जायचं कुठे? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये २.६.८ बाहेर पडली आणि नेटवर्कवरून फाइली वाटण्याच्या भागात मोठी चूक निघाली. घाईघाईने २.६.८.१ काढावी लागली. चौथा आकडा पहिल्यांदा लागला तो असा, नाइलाजाने. मार्च २००५ मध्ये त्या नाइलाजाची रीतसर व्यवस्था झाली. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी २.६.११ पासून "स्थिर" शाखा सुरू केली. मूळ आवृत्तीत नवं काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या.

या शाखेचे नियम वाचून मला आमच्या एका जुन्या हेडमास्तरांची आठवण झाली. दुरुस्ती उघडपणे बरोबर असली पाहिजे आणि तपासलेली असली पाहिजे. आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नको. एका ठिगळात एकच चूक दुरुस्त करायची. चूक खरोखर लोकांना त्रास देणारी हवी, "असं कदाचित होऊ शकेल" हे चालणार नाही. शुद्धलेखनाच्या वगैरे किरकोळ दुरुस्त्या पाठवू नयेत. (हे मला लागलं, पण असो.) नव्या यंत्राचा नुसता ओळखक्रमांक यादीत घालायचा असेल तर तोही पुढे चालू लागला. आमचा डोंगल बसतो तो याच नियमात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती दुरुस्ती आधी लिनसच्या मुख्य शाखेत गेलेली हवी. पुढे दुरुस्त केल्याशिवाय मागे दुरुस्त करायचं नाही. कारण उघड आहे. नुसतं जुन्यात ठिगळ लावलं आणि नव्यात विसरलं, तर माणूस नव्या आवृत्तीवर गेला की जुनीच चूक पुन्हा भेटणार.

मागणी कशी करायची तेही लिहिलेलं आहे. दुरुस्ती लिहिणाऱ्याने तिच्याखालीच एक ओळ टाकून "ही मागच्यांनाही द्या" असं सुचवलं तर उत्तम. त्याने नाही सुचवलं, तर कोणीही, अगदी कोणीही, पत्र पाठवू शकतो. त्यात दुरुस्तीचं शीर्षक, मुख्य शाखेतली तिची खूण, ती मागे का न्यावी याचं कारण, आणि कोणकोणत्या आवृत्त्यांत हवी ते, एवढंच लिहायचं. स्वतःची ओळख, पद, पदवी काही नको. मी आयुष्यभर सरकारी दप्तरांत जे अर्ज लिहिले त्यांच्या मानाने हा अर्ज फारच सभ्य वाटला मला. दुरुस्ती बसली तर "घेतली" म्हणून मेल येतं. बसली नाही तर "अमुक आवृत्तीवर लागू होत नाही" असंही मेल येतं, आणि मग चेंडू आपल्याकडे. हवी असेल तर त्या आवृत्तीला बेतून द्या. फुकट मागणाऱ्याला इथे अर्ध्या वाटेपर्यंत यावं लागतं, आणि ते मला योग्य वाटतं.

"पण नवीन आवृत्तीच का घेत नाही?" हा प्रश्न भाच्यानेही केला होता. तरुणांचा हा आवडता प्रश्न. सांभाळणारेही पुष्कळदा तेच सांगतात, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबर आहे, कारण जितक्या आवृत्त्या जिवंत ठेवाव्या तितकं काम वाढतं. पण नवं ते नेहमी निर्धोक असतं असं नाही. २००८ च्या सप्टेंबरात २.६.२७ च्या चाचणी-आवृत्त्या चालवणाऱ्या काही जणांच्या संगणकातल्या इंटेलच्या नेटवर्क कार्डाची स्वतःची स्मृतीच पुसली गेली. म्हणजे आज्ञावलीतल्या चुकीने चालतं-बोलतं यंत्र निकामी! आळ आला बिचाऱ्या ड्रायव्हरवर. शोधाअंती खरा गुन्हेगार निघाला कर्नलमधल्या हालचालींचा माग ठेवणारा एक नवा भाग, जो भलत्याच जागी लिहीत होता. दुसरी गोष्ट, जुन्या यंत्राला नव्या आवृत्तीत जागा राहतेच असं नाही. लिनसने ज्या ३८६ जातीच्या संगणकावर हा सगळा संसार मांडला, त्या ३८६ लाच २०१३ च्या ३.८ मध्ये दार बंद झालं. त्यावर कोणी फार रडलंही नाही. पण ज्याच्याकडे ते यंत्र असेल त्याला "नवीन घ्या" म्हणणं म्हणजे "यंत्र फेका" म्हणणंच झालं.

मग काही आवृत्त्या निवडून त्या दीर्घकाळ सांभाळायची पद्धत पडली. २.६.१६ ही २००६ ची आवृत्ती एड्रियन बंक याने २००८ पर्यंत ओढली. सगळ्यात गाजली २.६.३२. डिसेंबर २००९ मध्ये निघाली, आणि डेबियन, रेड हॅट, सुझे, उबुंटू या सगळ्यांनी नेमकी तीच आपल्या मोठ्या आवृत्त्यांसाठी धरली. चार घरांनी एकाच विहिरीवर पाणी भरायचं ठरवलं की विहीर साफ ठेवायला चार हात मिळतात. ती आवृत्ती मार्च २०१६ पर्यंत जिवंत राहिली. तिची शेवटची वर्षं विली टारो या फ्रेंच गृहस्थाने सांभाळली. २.४ चा म्हातारपणाचा काळही त्यानेच काढला होता, मार्सेलोनंतर. काही माणसांना म्हाताऱ्यांची शुश्रूषा जमते.

रेड हॅटसारख्या कंपन्यांचा मार्ग निराळा. त्यांची सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये आली, कर्नल ३.१०. पुढे दहा वर्षं आकडा ३.१० च राहिला, आत मात्र हजारो ठिगळं. त्यातून गंमत अशी होते की सुरक्षा तपासणारे नुसता आकडा बघून "तुमच्याकडे हे भोक उघडं आहे" म्हणून बोंब मारतात, आणि प्रत्यक्षात ते कधीच बुजवलेलं असतं. वाड्याच्या दारावरचा सन पाहून आतल्या विजेच्या तारांचं वय ठरवण्यासारखं आहे हे.

इथे पैशाचा प्रश्न येतो. रेड हॅटचं ठिगळ पैसे भरणाऱ्याला मिळतं, पण ज्या मूळ दुरुस्तीवरून ते बेतलं ती सगळ्यांसमोर असते. बंदिस्त प्रणालीत तसं नसतं. विंडोज एक्सपीची देखभाल एप्रिल २०१४ मध्ये संपली. मे २०१७ मध्ये "वॉनाक्राय"ने जगभर धुमाकूळ घातला. ज्या भोकातून ते शिरलं ते फाइली वाटणाऱ्या विंडोजच्या ड्रायव्हरमध्येच होतं. नव्या विंडोजसाठी दुरुस्ती मार्चमध्ये निघाली होती. एक्सपीसाठीही तयार होती, पण खास पैसे भरणाऱ्यांपुरती. हाहाकार झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ती सगळ्यांना खुली केली. पुढच्याच महिन्यात "नॉटपेट्या" आलं. त्याने तेच भोक आणि शिवाय इतर युक्त्या वापरल्या, आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. कंटेनरच्या रांगांचे फोटो तेव्हा आपण सगळ्यांनी पाहिले. "मागच्यांना दुरुस्ती द्या" ही मागणी किती लांबवर पोहोचते, ते त्या रांगांवरून कळावं.

लिनक्सवाल्यांचं सगळं गोड आहे असं मात्र नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये "डर्टी काऊ" नावाची चूक उघडकीला आली. २००७ च्या २.६.२२ पासून ती वापरता येण्यासारखी होती, म्हणजे नऊ वर्षं. लिनसने स्वतःच नोंदवलं की अकरा वर्षांपूर्वी त्याने ती एकदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला होता, पण दुसऱ्या एका जातीच्या संगणकावर अडचण आली म्हणून ती दुरुस्ती मागे घ्यावी लागली. दुरुस्ती लहानशीच होती, चालू असलेल्या स्थिर शाखांत लगेच गेली. पण अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सच असतो, आणि ज्या फोनांकडे कंपन्यांनी पाठ फिरवली होती ते तसेच उघडे राहिले. दुरुस्ती जगात असणं आणि ती माझ्या खिशातल्या यंत्रापर्यंत येणं, यांत अंतर आहे.

फोनांचा एक विचित्र हिशेब होता. चिप बनवणाऱ्याने कर्नल निवडायचा, फोनवाल्याने त्यावर फोन बांधायचा, आणि दुकानात येईपर्यंत दोन वर्षं सरायची. कर्नलची देखभालही दोनच वर्षं! म्हणजे फोन विकत घेतला की त्याच दिवशी त्याचा गाभा निराधार. म्हणून २०१७ मध्ये दीर्घकालीन आवृत्त्यांची मुदत सहा वर्षांपर्यंत वाढवल्याचं जाहीर झालं. ४.१४ ही त्या नोव्हेंबरची आवृत्ती जानेवारी २०२४ पर्यंत चालवली गेली. पण सप्टेंबर २०२३ मध्ये बिल्बाओच्या परिषदेत सांगण्यात आलं की मुदत पुन्हा दोन वर्षांवर आणायची. सांभाळणारे दमले होते, आणि एवढ्या जुन्या आवृत्त्या वापरणारेही फारसे दिसत नव्हते. मला दोन्ही बाजू पटतात. ठिगळं लावणारे हात मोजके, त्यातले कित्येक नोकरी सांभाळून हे करणारे.

आणि नुसता हात लावून भागत नाही, डोकंही लागतं. डिसेंबर २०२३ चीच गोष्ट. ड्रायव्हरची नव्हे, फाइली साठवणाऱ्या भागाची, पण प्रकार तोच. मुख्य शाखेतली एक अगदी बरोबर दुरुस्ती मागे ६.१ मध्ये आणली गेली. नव्या आवृत्तीत ती ज्या दुसऱ्या बदलावर उभी होती, तो बदल ६.१ मध्ये नव्हताच. पान ४७ ची दुरुस्ती केली, पण ती पान ३१ च्या दुरुस्तीवर अवलंबून होती आणि पान ३१ कोणी पाहिलंच नाही! परिणाम असा की काही परिस्थितीत फाइलींतला मजकूर बिघडू लागला. डेबियनची १२.३ आवृत्ती नेमकी त्याच दिवसांत येत होती. तिच्या प्रती वाटणं थांबवलं, आणि लगोलग दुरुस्त कर्नलसह १२.४ काढली. ठिगळ निर्दोष होतं आणि कापडही, पण दोघांचा मेळ नव्हता. याच कारणाने काही विभागांचे लोक, उदाहरणार्थ एक्सएफएस ही फाइल-व्यवस्था सांभाळणारे, आपल्या दुरुस्त्या यंत्राने आपोआप निवडून मागे नेऊ नका असं आधीपासून सांगत आले होते. साशा लेविन याने तशी निवडणारी यंत्रणा काही वर्षांपूर्वी बसवली होती. शिकलेलं यंत्र दुरुस्ती ओळखतं म्हणे. पान ३१ ओळखतं का, हा माझा प्रश्न.

सहा वर्षंही जिथे अपुरी पडतात अशा जागा आहेत. वीजकेंद्रं, रेल्वेचे सिग्नल, कारखान्यांतली नियंत्रणं. तिथे यंत्र बसवलं की वीस-तीस वर्षं काढायचं नाही. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये हिताची, सीमेन्स, तोशिबा वगैरे कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली एकत्र येऊन निराळी व्यवस्था केली, आणि ४.४ ही आवृत्ती निदान दहा वर्षं सांभाळायचं पत्करलं. पहिला सांभाळणारा बेन हचिंग्ज, डेबियनमध्ये जुनी कर्नलं सांभाळून हात बसलेला माणूस.

स्थिर शाखेचा नवा अंक निघण्याआधी सगळी ठिगळं जाहीर मांडली जातात. साधारण दोन दिवसांची मुदत असते. तेवढ्यात जगभरातले लोक आपापल्या यंत्रांवर तो चालवून बघतात आणि "माझ्याकडे चालला" किंवा "माझ्याकडे अडकला" असं कळवतात. कोणाकडे मोठी चाचणीशाळा असते, कोणाकडे टेबलाखालचा एक जुना संगणक. अंक निघतो तेव्हा त्याच्या नोंदीत तपासणाऱ्यांची नावं एकाखाली एक येतात. चूक कळवणाऱ्याचं नावही दुरुस्तीखाली राहतं. एप्रिल २००५ पासूनची ही वही सलग आहे, कोणालाही उघडून पाहता येते. भाच्याने मला ती दाखवली तेव्हा मी कंपन्यांची आणि लिनसची नावं सोडून खालची नावं वाचत बसलो. जपान, जर्मनी, ब्राझील, चीन. आपल्याकडचीही आहेत, बरीच.